ओव्हनमधून निघालेला शोध

आमच्या घरातल्या ओव्हनला हात लावायची मला बंदी आहे. बंदी आईने घातली आहे, आणि पाहुण्यांनी विचारलं तर ती सांगते, "ही केक करपवते." आई सहसा खोटं बोलत नाही. पण आपल्या पदवीधर मुलीने ओव्हनमध्ये लॅपटॉप भाजला, हे सांगण्यापेक्षा तिला केक सोपा वाटतो.

अख्खा लॅपटॉप भाजला नव्हता, हे मी दर वेळी स्पष्ट करते. फक्त मदरबोर्ड. त्याने कुणाचंच समाधान होत नाही.

लॅपटॉप म्हातारा होता. मावसभावाने तो मनसोक्त वापरून, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसून, मग "शिकतेयस ना, घे" म्हणून माझ्या गळ्यात मारला होता. माझं शिक्षण संपलं, वनस्पतींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी हंगामी मदतनीस म्हणून चिकटले, तरी तो चालतच होता. मग एक दिवस पडद्यावर उभी गुलाबी रेघ आली. तिला सोबत म्हणून काही दिवसांनी हिरवी आली. त्यानंतर पडदा मधूनच दुभंगायला लागला. वरचा भाग डावीकडे, खालचा उजवीकडे, दोघांचं बोलणं बंद झाल्यासारखे.

दुरुस्तीवाल्याने तो चालू केला, बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ग्राफिक्स गेलंय. नवा घ्या."

एवढ्या कमी निरीक्षणांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं मला अशास्त्रीय वाटलं. मी लॅपटॉप घरी आणला आणि वाचायला बसले. पडद्यावर काय दिसावं हे ठरवणारी चिप अशा लॅपटॉपमध्ये बोर्डालाच सोल्डर केलेली असते. वर्षानुवर्षं तापून आणि निवून ती बिघडते, तिचे सांधे तडकतात. बोर्ड नीट तापवला तर ते पुन्हा जुळू शकतात, निदान काही काळ. 'निदान काही काळ' हे शब्द मी वाचले होते. ते डोक्यात शिरले नाहीत, एवढंच.

आई बाहेर गेल्याचं बघून मी बोर्ड सोडवला, फॉइलच्या चार गोळ्यांवर टेकवला आणि ओव्हनमध्ये सरकवला. आई अपेक्षेपेक्षा लवकर परतली.

"कसला वास येतोय गं? वायर जळतेय का?"

"नाही. मदरबोर्ड आहे."

"कुणाचा?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. बोर्ड निवला, मी सगळं परत जोडलं, एक स्क्रू उरला आणि लॅपटॉप चालू झाला. रेघा गायब. पडदा स्वच्छ, नवीकोरा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आईने ओव्हन घासायला घेतला, तेव्हाही मी तिला तापमान आणि सांधे यांचा संबंध समजावत तिच्या मागे उभी होते.

"कळलं," आई म्हणाली. "ती पलीकडची घासणी दे."

आता प्रयोगशाळेबद्दल. आम्ही पानांच्या खालच्या बाजूची छिद्रं मोजतो. झाडं त्यांतून हवा आत-बाहेर करतात. पानाच्या पाठीवर नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की चिकटपट्टीने सोलून काढायचा. त्या सालीवर पानाचा ठसा उमटलेला असतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचा फोटो काढायचा आणि मग फोटोतली छिद्रं मोजत बसायचं. नेलपॉलिशचा एवढा खप आणि नखं मात्र कायम बोडकी, यावरून बाबा मला बरंच काही ऐकवतात.

एकाच जातीची झाडं होती, काही बागेतली, काही रहदारीच्या रस्त्याकडेची. माझ्याकडे शहराच्या अलीकडची आणि माझ्या सहकाऱ्याकडे पलीकडची. या सहकाऱ्याला सगळे चष्मा म्हणतात, कारण सूक्ष्मदर्शकात बघताना तो चष्मा डोक्यावर सरकवतो आणि मग तासभर शोधत हिंडतो. आम्ही दोघंही हंगामी. हंगाम संपला की आमच्यापैकी एकालाच पुढच्या प्रकल्पात घेणार होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी हे आम्हाला शेजारी उभं करून, अगदी प्रेमाने सांगितलं होतं. मला ती जागा हवी होती. इतकी, की घरी "मिळाली तर ठीक, नाही तर बघू" असं मी दिवसातून अनेकदा म्हणत होते.

फोटो मोजायचं काम मी घरी करायचे, भाजलेल्या लॅपटॉपवर. आधी 'बाग' नावाचा फोल्डर, मग 'रस्ता'. मुद्दाम नव्हे, अक्षरांच्या क्रमाने तेच आधी येतं. आणि एका संध्याकाळी रस्त्याकडेच्या एका पानात मला ठिपके दिसले.

बारीक, लख्ख जांभळे ठिपके. काही हिरवे. एका ओळीत, सारख्या अंतरावर, छिद्रांच्या आजूबाजूने शिस्तीत बसलेले. पुढच्या फोटोतही होते. त्याच्या पुढच्यात जास्त. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तपासलं. बागेची पानं स्वच्छ, रस्त्याच्या पानांत ठिपके. तिसऱ्या दिवशीही तेच. मी अतिशय काटेकोरपणे, दर वेळी त्याच क्रमाने तपासत होते.

पानांच्या पेशींमध्ये स्फटिक असतात, हे पुस्तकात आहे. धुराला तोंड देण्यासाठी रस्त्याकडेची झाडं स्फटिकांची रांगोळी काढतात, हे पुस्तकात नव्हतं. म्हणजे ते लिहिणं माझ्यावर आलं होतं. नेलपॉलिशच्या सालीवर पानाच्या फक्त पाठीचा ठसा येतो, आतले स्फटिक त्यात कुठून दिसणार, हा प्रश्न मला पडला. मी त्याला उत्तरही दिलं, की स्फटिक आतून दाब देत असणार. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर ठिपके दिसत नव्हते, याचंही उत्तर होतं. डोळा थकतो, कॅमेरा थकत नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे उत्तरांची टंचाई अशी नव्हतीच.

मॅडम परगावी गेल्या होत्या. मी लॅपटॉपच्या पडद्याचा फोनने फोटो काढला आणि त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'विलक्षण! सोमवारच्या बैठकीत मांड. सगळ्यांना बोलावते.'

विलक्षण. मी तो शब्द आईला वाचून दाखवला, बाबांना वाचून दाखवला आणि एकदा आरशासमोरही वाचला.

"म्हणजे झाडं आजारी आहेत?" बाबांनी विचारलं.

"आजारी नाहीत हो. स्वतःचा बचाव करतायत."

"अरे वा. आणि तुलाच बरं दिसलं!"

"बघायला लागतं, बाबा. नुसते डोळे असून भागत नाही."

हे वाक्य मी खरोखर म्हणाले. साक्षीदार आहेत.

रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत बसून बैठकीची तालीम करत होते. लॅपटॉप सकाळपासून चालू होता आणि मांडीवर घेण्यासारखा राहिला नव्हता. आई ऐकत होती, म्हणजे कपड्यांच्या घड्या घालत होती. तेवढ्यात मामीने तिच्या नातवाचे नवे फोटो पाठवले. हा माझ्या मामेबहिणीचा मुलगा, त्याला सगळे बबडू म्हणतात.

"फोनवर काही कळत नाही," बाबा म्हणाले. "मोठ्यावर लाव की जरा."

मी मोठ्यावर लावला. बबडू पांढऱ्या चादरीवर पालथा पडून हसत होता. त्याच्या दोन्ही गालांवर पुरळ होतं.

"अगं बाई!" आईच्या हातातला टॉवेल खाली पडला. "गोवर!"

"सकाळी व्हिडिओवर चांगला खेळत होता," बाबा म्हणाले.

"फोनवर बारीक दिसतं, म्हणून लक्षात आलं नसेल." आईने तोवर फोन लावलाही होता. "वहिनी, आधी सांगा, पोराला ताप आहे का? ... नाही कसा? हात लावून बघा. ... अहो, पुरळ उठलंय त्याच्या तोंडावर! आम्हाला इथे बसून दिसतंय आणि तुम्हाला घरात दिसत नाही? ... भिंगातून नव्हे, लॅपटॉपवर! ... मी सांगते, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या."

मी बबडूच्या गालांकडे बघत होते. पुरळ एका ओळीत होतं. सारख्या अंतरावर, शिस्तीत, जांभळं. मध्ये मध्ये हिरवं. गालावरून ते चादरीवर उतरलं होतं आणि चादरीवरून मागच्या भिंतीवर चढलं होतं.

भिंतीला गोवर होत नाही. एवढं जीवशास्त्र मला येत होतं.

मी लॅपटॉप बंद केला, खिडकीत ठेवला आणि गार होईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बसले. मग चालू करून सगळ्यात आधी 'रस्ता' उघडला. पानं स्वच्छ. एकही ठिपका नाही. तासभर तो तसाच तापू दिला आणि मग 'बाग' उघडली. बागेतल्या त्या सभ्य, सावलीतल्या, आयुष्यात धूर न पाहिलेल्या पानांवर जांभळी-हिरवी रांगोळी पसरली होती.

झाडं काहीच करत नव्हती. चिपचे सांधे पुन्हा सुटत होते, आणि लॅपटॉप तापेपर्यंत मी दर वेळी नेमकी रस्त्यावर पोचलेली असायचे. अक्षरांच्या क्रमाने. पडद्यावर काहीतरी चुकीचं दिसतंय, ही शंका कुणालाही आली असती. मलाच येणं शक्य नव्हतं, कारण तो मी दुरुस्त केला होता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

ते जरा विचारात पडले. "म्हणजे झाडं बरी आहेत?"

"हो."

"आणि बबडू?"

"तोही."

"मग वाईट काय झालं?"

"माझी जागा गेली, बाबा."

आईने फोनवर हात ठेवला. पलीकडे मामी होती, एव्हाना तिसऱ्यांदा. "उद्या ताप आलाय म्हणून कळव," आई मला म्हणाली. "मी देते लिहून."

खोटं वाटेल, पण मी त्यावर विचार केला. मग त्याहून चांगलं सुचलं. बैठकीत म्हणायचं, 'निरीक्षणं प्राथमिक आहेत, अधिक अभ्यासाची गरज आहे.' हे वाक्य कधीच खोटं नसतं. अभ्यास करता करता जागा मिळेल, ठिपके हळूहळू कमी करत नेता येतील. मी ते वाक्य तालमीत घालूनही पाहिलं. छान बसलं.

तेवढ्यात चष्म्याचा फोन आला.

"बिझी आहेस का? एक विचारायचं होतं. तुझे ठिपके मला सापडत नाहीयेत."

"कुठे?"

"माझ्या पानांत. मॅडमनी परवा तुझा फोटो पाठवला, तेव्हापासून बघतोय. रस्त्याची सगळी पानं पुन्हा पाहिली. तू नेलपॉलिश कुठलं वापरतेस?"

"तेच. तुझंच."

"मग माझी सोलायची पद्धत चुकत असणार. ठिपके पट्टीला चिकटून जात असतील. काही कळेना झालंय." त्याने मोठा श्वास घेतला. "मी ठरवलंय. उद्या मॅडमना सांगतो, माझी सगळी पानं बाद धरा. उगाच कशाला चुकीची माहिती पुढे जायला? तुझी आहेत ना. जागा तुलाच मिळणार, ते ठीकच आहे. तू बघितलंस तरी नीट."

हंगामभर तो माणूस शिडी घेऊन पानं तोडत हिंडला होता. मी गप्प बसले असते तर पुरलं असतं. मला बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं "हं" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"हं," मी म्हणाले. मग म्हणाले, "अरे, थांब. तुझी पानं बरोबर आहेत. माझा लॅपटॉप बिघडलाय."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. गुलाबी रेघ, ओव्हन, बाग, रस्ता, बबडू. पलीकडून असा आवाज आला, जणू कुणी खुर्चीसकट पडलंय.

"भिंतीला... भिंतीला पण गोवर!" तो कसाबसा म्हणाला. हसून दमल्यावर त्याने नाक शिंकरलं आणि गंभीर आवाजात विचारलं, "ओव्हन किती तापवला होतास? नाही म्हणजे, माझ्या लॅपटॉपलाही हल्ली एक रेघ येतेय."

सोमवारी मी लॅपटॉप घेऊन गेले. नुसतं तोंडी सांगितलं तर कुणाला पटणार नाही, असं मला वाटलं. चूकसुद्धा पुराव्यासकट मांडावी, अशी माझी ऐट. खोली भरली होती. मॅडम पहिल्या रांगेत उत्साहाने बसल्या होत्या. मी सांगून टाकलं, की चष्मा आपली चांगली पानं बाद धरायला निघाला होता, पण ठिपके पानांत नाहीत, माझ्या ग्राफिक्स चिपमध्ये आहेत, आणि आता ते तुम्हाला कुठल्याही पानावर दाखवते. मॅडमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. मी पडद्याकडे बघत होते.

पडद्यावर पान आलं. स्वच्छ. दुसरं आलं. तेही स्वच्छ. तिसरं, चौथं.

बैठकीची खोली थंडगार होती. गारवा बैठकीला बोलावलेल्या पाहुण्यांसाठी मुद्दाम वाढवलेला. लॅपटॉपला बहुधा आयुष्यात प्रथमच इतकं बरं वाटत होतं.

"ठिपके आहेत म्हणालीस तेव्हा होते," मॅडम म्हणाल्या. "नाहीत म्हणतेस तेव्हा नाहीत. मग अडचण काय आहे?"

"मॅडम, नाहीत हे दाखवायला आधी दिसायला हवेत."

मागे कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं. मी पंख्याची जाळी हाताने दाबून धरली. काही होईना. चष्मा उठला, त्याने आपला लोकरी स्वेटर काढला आणि लॅपटॉपभोवती गुंडाळला. मग आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो, अंड्यातून पिल्लू कधी बाहेर येतंय ते बघत. कुणीतरी चहा सांगितला. चहा आला. मॅडम बशीत कप ठेवत असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक जांभळा ठिपका चमकला.

"आले! आले!" मी ओरडले. आपला शोध साफ खोटा ठरला म्हणून इतका आनंद झालेला माणूस त्या खोलीने पूर्वी पाहिला नसावा. मी घाईघाईने पुढे सरकत गेले आणि ठिपके सगळीकडे होते, रस्त्यावर, बागेत, आणि आभाराच्या शेवटच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत छापलेल्या मॅडमच्या नावावर.

मॅडमनी कप बाजूला सारला. "मी हे विलक्षण म्हणाले होते?"

"हो."

"फोनवर. मूळ फोटो न उघडता." त्यांनी चष्म्याकडे बघितलं. "आणि तू? पानं बाद करणार होतास म्हणे?"

चष्म्याने डोक्यावरचा चष्मा चाचपला. "एक दिवस. फक्त एक दिवस, मॅडम."

जागा चष्म्याला मिळाली. ते योग्यच झालं, कारण त्याची पानं चांगली होती आणि माझ्या कुठल्या आकड्यावर विसंबावं हे मलाही सांगता येत नव्हतं. मॅडमनी मला काढलं मात्र नाही. माझे आणि चष्म्याचे, दोघांचेही सगळे फोटो नावं झाकून, क्रम पिसून, प्रयोगशाळेच्या संगणकावर पुन्हा मोजायचं काम त्यांनी मला दिलं. ते संपेपर्यंत मी तिथे आहे. मॅडमना मग त्यांच्या स्वतःच्या जुन्या फोटोंचीही शंका यायला लागली, त्यामुळे ते लवकर संपेल असं दिसत नाही. माझ्या मूर्खपणाने मला जितकं काम मिळवून दिलं, तितकं हुशारीने कधी दिलं नव्हतं.

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "मिळाली?"

"चष्म्याला मिळाली. त्याने लॅपटॉपला स्वतःचा स्वेटर घातला होता."

"तो स्वेटरवाला? चांगला मुलगा आहे." मग तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मामी आपल्याशी बोलत नाहीये."

डॉक्टरांनी बबडूला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं होतं आणि आजीलाच विश्रांती घ्यायला सांगितली होती.

लॅपटॉप आता बाबांकडे असतो. ते सकाळी गार असताना त्यावर बातम्या वाचतात आणि ठिपके आले की उठून कुंड्यांना पाणी घालतात. त्यांच्या मते हे यंत्र आता कुठे कामाचं झालंय. परवा मामीचा राग गेला आणि तिने पुन्हा फोटो पाठवला. बबडूच्या कपाळावर लालभडक फोड होता.

"बघ गं," बाबांनी हाक मारली. "बिचाऱ्याला काहीतरी चावलंय."

आई स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आली नाही. "आधी ते मशीन गार करा," ती म्हणाली.

मी फोनवर तोच फोटो उघडला, मग मूळ फोटो मागवला, मग बबडूचे आणखी दोन मागवले, वेगळ्या भिंतीसमोरचे. फोड सगळ्यांत होता.

"डास चावलाय," मी जाहीर केलं.

"वहिनींनी खाली तसंच लिहिलंय," बाबा म्हणाले.